प्रवाहात जिवंत होणारं पीस

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या वार्फ, निड, यूर या नद्यांवर ट्राउट मासे धरणारे लोक गळाला एक अगदी साधी कृत्रिम माशी बांधत आले आहेत. अंगाला रेशमाचा पातळ थर, तोंडाशी तितराच्या पिसाचे मोजके तंतू. पंख नाहीत, शेपूट नाही. टी. ई. प्रिट यांनी 1885 मध्ये ‘यॉर्कशायर ट्राउट फ्लाइज’ या पुस्तकात अशा माश्यांची सचित्र नोंद केली. हातात घेतली तर ती धड कुठल्याच कीटकासारखी दिसत नाही. तरीही ट्राउट तिला भुलतो, कारण ती रूपाची नव्हे, हालचालीची नक्कल करते.

मेफ्लाय या कीटकाची पिल्लं नदीच्या तळाशी वाढतात. वाढ पुरी झाली की त्यांतली बहुतेक वर येतात आणि पृष्ठभागाशी कात टाकून पंख बाहेर काढतात. तिथे पृष्ठताण आडवा येतो. माणसाला तो जाणवतही नाही, पण काही मिलिमीटरच्या जिवाला तो भेदताना झगडावं लागतं. त्या अवस्थेत त्याला पळ काढता येत नाही आणि ट्राउट ही संधी सोडत नाही.

ही धडपड मऊ पिसातून उभी राहते. एकाच पदार्थाचे दोन गोल तंतू घेतले आणि एकाची जाडी निम्मी असली, तर त्याचा ताठरपणा सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस तरंगत्या माशीला लावतात, तर तितराचे बारीक तंतू पाण्याखाली प्रवाहाबरोबर मिटतात, उघडतात, थरथरतात.

बांधणीत काटकसर महत्त्वाची. 14 नंबरच्या गळावर मेण लावलेल्या नारिंगी रेशमाचा एकच थर द्यावा. पिसाच्या बुडाची लव काढून पीस टोकाकडून बांधावं, दीड-दोन वेढे देऊन गाठ मारावी. वेढे वाढले की तंतू एकमेकांना टेकून उभे राहतात आणि हालचाल मरते. रेशीमही भिजल्यावर बदलतं: धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, प्रकाश कमी विखुरतो, रंग गडद होतो आणि खालचा गळ त्यातून पुसटसा दिसू लागतो.

सिल्व्हेस्टर नेम्स यांनी 1975 मध्ये ‘द सॉफ्ट-हॅकल्ड फ्लाय’ लिहून अमेरिकेत या माशीकडे पुन्हा लक्ष वेधलं. नव्याने शिकणाऱ्याने एक सवय जरूर लावून घ्यावी: बांधलेली माशी पाण्याच्या पेल्यात बुडवून हलवावी आणि मगच तिचा रंग, तिचा दाटपणा ठरवावा. कोरड्या माशीवरून केलेली पारख इथे कामाची नाही.