लिलाव जिंकून मागे सरणारा ग्राहक

'हर्रास' हा शब्द ज्यास ठाऊक नाही असा शेतकरी आमच्या निलंगा तालुक्यात विरळाच. आवारात सोयाबीन, तूर किंवा हरभरा यांची रास पडली की व्यापारी भोवती जमतात, बोली चढत जाते, आणि शेवटची बोली ज्याची त्याचा माल ठरतो. ख्रिस्ती मंडळ्यांतही हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी देवाला अर्पिलेली कोंबडी, भोपळा, जोंधळा यांचा लिलाव करण्याची चाल आहे. या दोन्ही ठिकाणी बोली लावणारा मनुष्य सर्वांच्या डोळ्यांदेखत उभा असतो. म्हणून एकदा उच्चारलेली रक्कम नाकारण्यास त्यास चार लोकांची भीड वाटते.

परंतु हल्ली लिलाव आंतरजालावर होऊ लागले आहेत. अमेरिकेत १९९५ साली 'ईबे' या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेला लिलावाचा बाजार सुरू झाला. आपल्या देशात शेतमालासाठी 'ई-नाम' ही व्यवस्था १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. घरातील जुने शिलाईयंत्र किंवा सायकलही आज दूरच्या अनोळखी माणसास विकता येते. येथे विक्रेता व ग्राहक एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. त्यामुळे लिलाव जिंकूनही पैसे देण्यास टाळाटाळ करणारा ग्राहक भेटतो. अशा वेळी काय करावे, याचा विचार विद्यार्थ्यांनी करून ठेवावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या मनुष्याचे मन का फिरते ते पाहू. १९७१ साली केपन, क्लॅप व कॅम्पबेल या तीन अमेरिकन अभियंत्यांनी तेलाच्या क्षेत्रांच्या लिलावाविषयी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. जमिनीखाली तेल किती, हे कोणासच नक्की ठाऊक नसते. प्रत्येक जण अंदाज बांधतो. आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच बहुधा लिलाव जिंकतो. म्हणजे जिंकणे हेच पुष्कळदा जास्त किंमत दिल्याचे लक्षण असते. यास पुढे 'विजेत्याचा शाप' असे नाव पडले. चढाओढीच्या भरात बोली लावणाऱ्यासही दुसऱ्या दिवशी हाच पश्चात्ताप होतो. कोणास वाहतुकीचा खर्च मागाहून कळतो, तर कोणावर अकस्मात अडचण ओढवते. कधी वडिलांच्या फोनवरून एखाद्या मुलानेच बोली लावलेली असते; आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलास करार करण्याची पात्रताच नसते.

आता कायदा काय म्हणतो? १८७२ पूर्वीही हा प्रश्न न्यायालयापुढे आलेलाच होता. १७८९ साली इंग्लंडात पेन विरुद्ध केव्ह या खटल्यात असा निर्णय झाला की, हातोडा पडेपर्यंत बोली ही केवळ देकार होय व तोवर ती मागे घेता येते. आपल्या देशाच्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमात हेच तत्त्व आहे. हातोडा पडला, अथवा रिवाजाप्रमाणे तशी दुसरी खूण झाली, म्हणजे विक्री पुरी झाली. आंतरजालावर हातोडा नसतो. तेथे मुदत संपणे हीच बहुधा ती खूण ठरविलेली असते. मात्र विक्रेत्याने भाव चढविण्यासाठी मित्राकरवी खोट्या बोली लावविल्या असतील, तर ती विक्री रद्द करण्याचा हक्क हेच कलम ग्राहकास देते. तेव्हा ग्राहकास दोष देण्यापूर्वी विक्रेत्याने आपले वर्तन तपासावे. यंत्राचा मोडका भाग त्याने वर्णनात लपविला असेल, तर कचरणाऱ्या ग्राहकास अप्रामाणिक म्हणण्याचा अधिकार त्यास कोठून येणार?

विक्रेता निर्दोष असेल, तर त्याने पुढील क्रमाने वागावे. आरंभी सौम्य शब्दांत पत्र लिहून अडचण विचारावी. शंका असल्यास वस्तूची आणखी छायाचित्रे पाठवावी. काही दिवसांची सवलत देणे शक्य असल्यास ती द्यावी. तरीही पैसे न आल्यास निश्चित तारीख घालून लेखी सूचना द्यावी. ही सूचना महत्त्वाची आहे. वस्तू विक्रेत्याच्याच ताब्यात असेल, तर त्याच कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणे सूचना देऊन व वाजवी वेळ थांबून तिची फेरविक्री करता येते, आणि त्यात आलेली तूट पहिल्या ग्राहकाकडून मागता येते. जेथे सूचना आवश्यक आहे तेथे ती न देताच वस्तू विकली, तर तूट मागता येत नाही, इतकेच नव्हे तर नफा झाल्यास तोही पहिल्या ग्राहकाचा होतो. नाशवंत मालास मात्र ही सूचना लागत नाही. मुदत टळल्यावर वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदारास विचारावी, अथवा पुन्हा लिलावात ठेवावी. पैसे हाती येईपर्यंत वस्तू पाठवू नये, आणि रागाच्या भरात चारचौघांत कोणाची निंदा करू नये. शंभर रुपयांच्या वस्तूसाठी कोर्टाची पायरी चढणे शहाणपणाचे नव्हे.

परंतु खरा उपाय लिलावाच्या आधीच करावयाचा असतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कोर्टाच्या लिलावात स्थावर मिळकत घेणाऱ्यास पंचवीस टक्के रक्कम तत्काळ व बाकीची पंधरा दिवसांच्या आत भरावी लागते. न भरल्यास मिळकतीचा फेरलिलाव होतो, भरलेली रक्कम जप्त होऊ शकते, व फेरलिलावात तूट आल्यास तीही त्याच्याच माथी बसते. मोठ्या लिलावांतही माणसे मागे सरतात, याचे उदाहरण मुंबईचेच आहे. डिसेंबर २०१५ मध्ये दाऊद इब्राहिमच्या जप्त मिळकतींपैकी एका उपाहारगृहावर ४ कोटी २८ लाखांची बोली लागली. पण ठरल्या मुदतीत पूर्ण रक्कम उभी राहिली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच मिळकतीचा पुन्हा लिलाव झाला आणि ४ कोटी ५३ लाख आले. एकाने माघार घेतली म्हणून विक्रेत्याचे सर्वस्व बुडत नाही. नियम आधी ठरलेले असले म्हणजे झाले. आपल्या लहानशा विक्रीतही वस्तूचे दोष, वाहतुकीचा खर्च व पैसे भरण्याची मुदत ही तिन्ही आरंभीच स्वच्छ लिहावी.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही आज विक्रेते नसाल, पण बोली लावणारे केव्हाही व्हाल. स्वतःचे नुकसान होत असतानाही दिलेला शब्द न फिरविणाऱ्या मनुष्याची थोरवी पंधराव्या स्तोत्रात गाइली आहे. पडद्याआड आपले तोंड कोणास दिसत नाही, म्हणून शब्दाचे मोल कमी होत नाही. बोट लावण्यापूर्वी खिसा पाहावा. आणि एकदा लावले, की शब्द राखावा.