शत्रूने जपलेला कोट

स्टॉकहोमच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात एल्क हरणाच्या जाड कातड्याचा एक पिवळसर कोट आहे. 1632 च्या नोव्हेंबरात ल्युट्झेनच्या लढाईत स्वीडनचा राजा दुसरा गुस्टाव अडोल्फ पडला, तेव्हा हाच त्याच्या अंगात होता. गोळ्यांची भोकं त्यावर आजही दिसतात. राजा असून चिलखत का नव्हतं? 1627 मध्ये पोलंडच्या मोहिमेत लागलेली गोळी खांद्यापाशी तशीच राहिली होती. लोखंडाचा भार तिथे सोसवत नसे.

लढाई स्वीडनने मारली, पण कोट गेला शत्रूच्या हाती आणि म्हणूनच टिकला! शत्रूच्या राजधानीत, व्हिएन्नात, तो 1920 पर्यंत जपला गेला. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडिश रेड क्रॉसने केलेली मदत स्मरून ऑस्ट्रियाने तो परत पाठवला.

निशाणांचीही हीच कथा. स्टॉकहोमच्या लष्करी संग्रहालयात स्वीडिश फौजांनी जिंकून आणलेली परकी निशाणं हजारोंनी आहेत. उलट 1709 मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईत गमावलेली स्वीडिश निशाणं रशियात गेली. तेव्हा आपलंच निशाण पाहायला स्वीडिश अभ्यासकाने सेंट पीटर्सबर्ग गाठायचं. तिथेही पदरात पडतं ते बहुधा जीर्ण रेशीम. पातळ रेशमावर तैलरंगाने चित्र काढत. रंग वाळून कडक झाला की कापड तडकतं, आणि नेमकं चिन्ह असतं तिथेच भोक पडतं.

साध्या शिपायाचे कपडे मात्र कुणी जपणार नव्हतं. ते अंगावरच विरले. 1628 मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे स्वीडिश लढाऊ जहाज 1961 मध्ये वर काढलं, तेव्हा माणसांचे कपडे सापडले. पण गणवेश नव्हे, ज्याचे त्याचे कपडे. मग उरतात ती हजेरीपत्रकं आणि कापडखरेदीचे हिशेब. तिथेही नावं चकवतात. गुस्टावच्या फौजेतली ‘पिवळी’, ‘निळी’ ही पलटणींची नावं निशाणांच्या रंगांशी जोडलेली होती. त्यावरून कोटाचा रंग ठरवला की फसगत झालीच म्हणून समजावं. पिवळ्या अस्तराचा निळा कोट रुळला तो नंतर, अकराव्या कार्लच्या कारकिर्दीत, 17 व्या शतकाच्या अखेरीस.

त्याचा मुलगा बारावा कार्ल असाच कोट घाली: निळा, पितळी बटणांचा, जर ना कशिदा. 1718 मध्ये नॉर्वेतल्या फ्रेडरिकस्टेन किल्ल्यासमोरच्या खंदकात तो मारला गेला. त्याचा कोट, रक्ताचे डाग पडलेला हातमोजा आणि भोक पडलेली हॅट, सगळं जपलेलं आहे. गोळी किल्ल्यावरून आली की आपल्याच माणसाने झाडली, या वादात अभ्यासक अजूनही त्या हॅटचं भोक मोजत बसतात.