दात भरल्यावरही दुखतोय? कळ आणि ठणका यांतला फरक ओळखा

रमजान जवळ आला होता म्हणून आम्ही एक किडलेली दाढ भरून घेतली. डॉक्टरांनी कीड काढली, सिमेंट भरलं, निळा दिवा दाखवला आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी फजरच्या वुजूला थंड पाण्याची कुल्ली केली, तर थेट डोक्यापर्यंत कळ गेली. घरात लगेच बोलणं सुरू झालं, "भरायच्या आधी तर एवढी दुखत नव्हती. काढूनच टाकायला हवी होती!"

मालवण किनाऱ्यावरच्या आपल्या घरांत हे बोलणं काही नवीन नाही. याच भीतीने कुणी पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, तर कुणी गोळ्या खाऊन महिने काढतो. आणि वाचू शकणारा दात हातचा जातो. म्हणून भरलेला दात का दुखतो, हे आधी समजून घेऊ.

आत काय होतं?

दाताच्या कडक कवचाखाली जो थर असतो, त्यात हजारो अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्यात द्रव असतो. थंड लागलं की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळ जाणवते. कीड कोरताना मशीनची उष्णता आणि थरथर नसेपर्यंत पोचते, त्यामुळे तिला थोडी सूज येते. दातासारख्या रंगाचं सिमेंट दिव्याखाली घट्ट होताना किंचित आकसतं. चांदी भरली असेल तर ती धातूच, थंड-गरम पटकन आत पोचवते. कीड जितकी खोल, तितका दात जास्त दिवस शिवशिवतो.

तीन प्रकारचं दुखणं

कळ: थंड किंवा गोड लागल्यावर सणक येते आणि काही सेकंदांत थांबते. रोज थोडी थोडी कमी होत जाते. ही बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांत जाते. घाबरायचं कारण नाही.

चावतानाच दुखणं: भरलेला भाग जरा उंच राहिला असण्याची शक्यता जास्त. इंजेक्शनने तोंड बधिर असतं, तेव्हा आपल्याला ते कळत नाही. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि उंच भाग घासून काढतात. काही मिनिटांचं काम. आमचं अर्धं दुखणं तिथेच गेलं. "होईल बरं" म्हणून सोडलं तर प्रत्येक घासाला त्या दातावर मार बसत राहतो. उंची बरोबर असूनही दुखत असेल, तर दाताला तडा गेलाय का ते डॉक्टर तपासतात.

ठणका: गरम चहाने दुखतं आणि कप खाली ठेवल्यावरही थांबत नाही. काही न खाता दुखतं, आडवं झालं की वाढतं, रात्री झोपेतून उठवतं. याचा अर्थ नसेची सूज आता परतीची नाही. बहुधा रूट कॅनाल करावं लागतं. यात दर वेळी डॉक्टरांची चूक असते असं नाही. कीड आधीच खोल गेलेली असते.

गालाला सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

घरी काय करावं, काय टाळावं

वुजूला आणि चूळ भरायला कोमट पाणी घ्या. काही दिवस कोकम सरबत, लिंबू, चिंच, बर्फाचा गोळा कमी करा. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नको. ब्रश मऊ हवा. मिसवाक भिजवून मऊ करा आणि त्या दातावर आडवी घासू नका. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट मोठ्या माणसांना उपयोगी पडते, पण दोन ते चार आठवडे नियमाने लावावी लागते.

मिश्री नकोच. दुखऱ्या दाताशी गोळी दाबून ठेवू नका किंवा लवंगेचं तेल थेट ओतू नका; हिरडी भाजते. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणू नका; सुजलेली नस त्याने बरी होत नाही. गरोदर बाया, मूत्रपिंडाचे किंवा अल्सरचे रुग्ण आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी दुखण्याची गोळीसुद्धा विचारूनच घ्यावी.

रोजात कळ आली तर इफ्तारनंतरची वेळ मागून घेता येते. ठणका असह्य झाला तर मात्र अंगावर काढू नका. आजाऱ्याला रोजा नंतर ठेवायची सवलत कुरआनातच आहे. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारा.

जायचं कुठे?

आधी ज्यांनी दात भरला त्यांच्याकडेच जा. खर्च परवडत नसेल तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहे. अवघड कामासाठी गोव्यात बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय आहे.

आणि डॉक्टरांना नुसतं "दुखतंय" सांगू नका. कशाने दुखतं, किती वेळ टिकतं, रात्री उठवतं का, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. बऱ्याचदा दात वाचवायचा की काढायचा, हे या तीन उत्तरांवरच ठरायला लागतं.