नाव विसरलेली वडी



एखाद्या गाण्याची चाल आठवावी आणि शब्द मात्र सुचू नयेत, हा अनुभव आपणा सर्वांस आहे. पदार्थांच्या बाबतीतही असेच घडते. चव जिभेवर रेंगाळत असते; नाव, कृती आणि प्रमाण ही तिन्ही हरपलेली असतात. अशी हरपलेली चव घरच्या घरी कशी शोधून काढावी, हे एका उदाहरणावरून सांगण्याचा आज माझा विचार आहे.

माझी थोरली बहीण 1973 साली शिक्षणासाठी अमेरिकेत शिकागो शहरी गेली व दोन वर्षे तेथे राहिली. तिची घरमालकीण दर शनिवारी चॉकलेटच्या चौकोनी वड्या भाजून तिला देत असे. ताई आता 76 वर्षांची आहे. कालची गोष्ट तिला आज आठवेलच असे नाही. परंतु ती चव तिने जपून ठेविली आहे. गेल्या पावसाळ्यात ती मला म्हणाली, "ती काळी, चिवट वडी करशील का ग?" नाव विचारले, तर तिला सांगता येईना.

प्रथम मी आपल्या वहिवाटीने गेले. दूध, साखर, लोणी व कोको एकत्र आटवून गोळा ताटात थापला व वड्या पाडल्या. ताईने तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "ही बर्फी झाली. ही विरते, ती चावावी लागे." तिचे म्हणणे बरोबर होते. अशा वडीत साखरेचे अगदी बारीक कण जमलेले असतात व ते जिभेवर विरघळतात. पीठ नाही, अंडे नाही. मग चिवटपणा यावा कोठून?

दुसऱ्या खेपेस लोणी व साखर फेसून, बेकिंग पावडर घालून, मिश्रण ओव्हनमध्ये भाजले. "हा केक. याचा भुगा होतो," असा निकाल मिळाला.

दोन्ही प्रयत्न फसले खरे. परंतु वाया गेले नाहीत. पदार्थ पाकाचा नाही आणि फुगलेलाही नाही, एवढे त्यांनी पक्के केले. तेव्हा मी 'चव कशी होती' हा मोघम प्रश्न सोडून निराळे प्रश्न विचारले. वरची बाजू कशी दिसे? "पातळ, चकाकणारा पापुद्रा असे, बोट लावले की तडके." सुरी कशी चाले? "चिकटून बसे." आत काय असे? "अक्रोड." एवढ्या साक्षी मिळाल्यावर संशय उरला नाही. ती वडी म्हणजे ब्राउनी. हे नाव आज आपल्या शहरांत लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु आमच्या घराजवळ त्या नावाने जे मिळते, ते मऊ केकसारखे असून आइस्क्रीमखाली बुडालेले असते. म्हणून ताईला ओळख पटली नव्हती.

या पदार्थाचा इतिहासही गमतीचा आहे. शिकागोस 1893 साली जे जागतिक प्रदर्शन भरले, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, त्या प्रदर्शनात स्त्रियांच्या फराळाच्या डब्यांत मावेल अशी मिठाई बर्था पामर या बाईंनी पामर हाऊस हॉटेलातील आचाऱ्यांकडून करवून घेतली, असे सांगतात. फॅनी फार्मर यांच्या 1896 सालच्या पाकपुस्तकात 'ब्राउनी' हे नाव आढळते. पण तिच्यात चॉकलेट मुळीच नाही. रंग आहे तो आपल्या काकवीच्या नात्यातल्या उसाच्या मळीचा! चॉकलेट आले ते त्याच पुस्तकाच्या 1906 सालच्या आवृत्तीत.

आता चिवटपणाचे मर्म. पोळी चिवट झाली तर आपण नाक मुरडतो. येथे मात्र तोच गुण. तो साधण्यास चार गोष्टी सांभाळाव्या. मैदा थोडा व साखर पुष्कळ असावी. लोणी फेसू नये, वितळवावे; फेसल्याने हवा शिरते व केक होतो. लोण्याबरोबर थोडे तेल घालावे. नुसत्या लोण्याची वडी थंड झाल्यावर ठिसूळ होते. बेकिंग पावडर तर वर्ज्यच समजावी.

प्रमाण असे: लोणी 80 ग्रॅम, वास नसलेले तेल 40 मिलिलिटर, पांढरी साखर 150 ग्रॅम, तपकिरी साखर 70 ग्रॅम, अंडी 2, कोको 50 ग्रॅम, मैदा 75 ग्रॅम, चिमूटभर मीठ व मूठभर अक्रोड. तपकिरी साखरेतील मळी ओलावा धरून ठेविते. लोणी वितळवून त्यात तेल व दोन्ही साखरा मिसळाव्या. मिश्रण कोमट झाल्यावर अंडी घालून साखर बरीचशी विरघळेपर्यंत जोराने घोटावे. तो तडकणारा पापुद्रा याच घोटण्यातून येतो. मग कोको, मीठ व मैदा चाळून घालावे, तीस-चाळीस वेळा ढवळावे व अक्रोड मिसळावे. कागद लावलेल्या 20 सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात ओतून, आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये 170 अंशांवर सुमारे 25 मिनिटे भाजावे. काडी खुपसली असता ती कोरडी निघू नये. ओलसर कण चिकटावेत. कोरडी काडी केकला शोभते, येथे ती उशीर झाल्याची खूण होय. पूर्ण थंड झाल्यावाचून सुरी लावू नये. दुसऱ्या दिवशी वडी अधिक मुरते. अंड्याऐवजी दही घालता येते. पण मग पापुद्रा व चिवटपणा यांची आशा धरू नये.

दुसऱ्या दिवशी मी ताईपुढे बशी ठेविली. मधला, मऊ तुकडा मुद्दाम निवडला होता. तिने तो बाजूस सारला व म्हणाली, "कोपऱ्याचा दे. ती मला नेहमी कोपऱ्याचाच देई." कोपऱ्याच्या तुकड्यास दोन बाजूंनी आच लागते, म्हणून सर्वांत चिवट तोच. ही गोष्ट तिने तोवर कधीच सांगितली नव्हती.

आपल्याही घरी एखादी चव अशी नावावाचून राहिली असेल. ती ज्यांना आठवते त्यांस नाव विचारीत बसू नका. सुरी कशी चाले, दाताखाली काय होई, वर काय दिसे, ते विचारा. आणि ती माणसे आहेत तोवर विचारा.