फरशी फोडण्याआधी एक रविवार द्या

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या घरी एक बैठक झाली. विषय सभा-संमेलनाचा नव्हता, फरशीचा होता. पुतण्याचे लग्न हिवाळ्यात ठरले होते आणि त्याचे म्हणणे असे की, "काका, ही काळी पडलेली फरशी पाहून पाहुणे काय म्हणतील? फोडून टाकू आणि चकचकीत टाइल्स बसवू." मिस्त्री बोलावला. त्यानेही मान हलवली आणि फोडायचाच सल्ला दिला.

आमची आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "तुझ्या आजोबांनी रात्रपाळ्या करून ही फरशी बसवली. त्याआधी इथे शेणाने सारवलेली जमीन होती. पावसाळ्यात ओल यायची आणि लेकरं त्यावरच झोपायची." आमचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन १९८४ साली त्यांनी उत्तर नागपुरातील या घरात मोझॅक बसवला. आईचे बोलणे ऐकून पुतण्या गप्प बसला. शेवटी ठरले की फोडण्याआधी एकदा स्वच्छ करून पाहू.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही पेशाने कारकून. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. आमची पुढची खोली १० बाय १२ फुटांची आहे. २५ सेंटिमीटरची चौकोनी टाइल धरली तर खोलीत सुमारे १८० टाइल्स बसतात. टाइल आणि तिच्याखालचा मसाला काढला की एका खोलीतून साधारण टनभर मलबा निघतो. तो वाहून नेण्याचे भाडे वेगळे, नव्या टाइल्स, सिमेंट, रेती आणि मजुरी वेगळी. जुन्यावरच नवी टाइल बसवली तर फरशी उंच होते, मग दारे खालून तासावी लागतात. लग्नघरात हा खर्च बहुधा कर्जातूनच होतो. उलट जुन्या टाइल्सचे सांधे पुन्हा भरायला किती सिमेंट लागेल? त्या खोलीतल्या सर्व सांध्यांची लांबी ८० मीटरच्या वर भरते, पण ते सांधे जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद असतात. वाया जाणारे धरूनही २ किलो पांढरे सिमेंट पुरते.

आमच्या हातून झालेली चूक

स्वच्छ करायचे ठरले, पण कसे ते कोणालाच ठाऊक नव्हते. चार जण करतात तेच आम्ही केले. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मिळणारे अ‍ॅसिड आणले आणि न्हाणीघरात ओतले. फेस आला तेव्हा मळ निघतो आहे असे वाटले. काळे डाग काही गेले नाहीत, म्हणून आमच्या पत्नीने त्यावर ब्लिचिंग पावडर टाकली. क्षणात पिवळसर धूर उठला. दार लोटलेले होते. शेजारच्या वहिनींनी खोकला ऐकून तिला ओढून बाहेर काढले नसते तर काय झाले असते, हा विचारही नको वाटतो. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. खोकला पंधरा दिवस टिकला.

अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तोच वायू आम्ही आपल्या हाताने न्हाणीघरात तयार केला होता. लिंबू किंवा व्हिनेगर ब्लिचिंगमध्ये मिसळले तरी हाच धोका असतो. म्हणून पहिला नियम कायमचा लक्षात ठेवा: ब्लिचिंग पावडरमध्ये पाण्याशिवाय काहीही मिसळायचे नाही.

अ‍ॅसिड घरात साठवणेही धोक्याचे आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने घातक अ‍ॅसिडच्या मोकाट विक्रीवर निर्बंध आणले. दुकानदाराने विक्रीची नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकायचे नाही. पाण्याच्या बाटलीत अ‍ॅसिड ठेवले की तहानलेले लेकरू ते पाणी समजून तोंडाला लावू शकते.

आधी फरशी ओळखा

आपल्या घरांतून साधारणपणे तीन प्रकारची फरशी आढळते. मोझॅक म्हणजे सिमेंटची टाइल. तिच्या वरच्या थरात सिमेंट, रंग आणि संगमरवराचे बारीक तुकडे असतात, खालचा थर सिमेंट-रेतीचा. दोन्ही थर यंत्राने दाबून टाइल तयार होते, ती भट्टीत भाजत नाहीत. आपल्याकडे सिमेंटच्या टाइल्सचा इतिहास जुना आहे. १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या भावनेने भारत फ्लोअरिंग्ज हा सिमेंट टाइल्सचा कारखाना काढला. दुसरा प्रकार दगडी फरशीचा. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबाद भागातून येते, कोटा राजस्थानातून. तिसरा प्रकार न्हाणीघरातल्या आणि ओट्यामागच्या चकाकीच्या टाइल्सचा. या मातीच्या असतात आणि भट्टीत भाजतात. त्यांवर काचेसारखा थर असतो.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कोपऱ्यातल्या एका टाइलवर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथली चमक गेली तर फरशी मोझॅक, शहाबादी किंवा कोटा आहे. संगमरवर, शहाबादी आणि कोटा हे सगळे चुन्याचे दगड आहेत आणि आम्ल चुन्याला खाते. अ‍ॅसिड टाकल्यावर येणारा तो फेस मळाचा नसतो. आपलीच फरशी विरघळत असते. त्यामुळे पृष्ठभाग खरबरीत होतो, पुढे मळ जास्त बसतो आणि आपण पुन्हा अ‍ॅसिड आणतो. चकाकीच्या टाइलचा काचेचा थर अ‍ॅसिडला सहसा दाद देत नाही, पण तिच्या भोवतालचे सांधे सिमेंटचेच असतात. ते पोकळ झाले की पाणी आत शिरते आणि भिंतीला ओल येते.

सफाईची रीत

मोझॅक आणि दगडी फरशीसाठी बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा पुरतो. हे पाणी फरशीवर पसरून दहा मिनिटे राहू द्या, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश वापरू नका. मळपाणी फडक्याने टिपून दोन वेळा स्वच्छ पाण्याने पुसून घ्या, नाहीतर सोड्याचाच पांढरा थर राहतो. स्वयंपाकघरातला तेलकट डाग जुना असेल तर खडूची पूड आणि सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप डागावर द्या. वर प्लास्टिक झाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी लेप खरवडला की बरेचसे तेल त्यात शोषलेले दिसते.

नागपूरकरांच्या घरात आणखी एक खास डाग असतो, खिडकीखालचा कूलरचा. बोअरचे जड पाणी ठिबकून पांढरा क्षार साचतो आणि कूलरच्या गवताचे तपकिरी पाणी त्यात उतरते. चकाकीच्या टाइलवर हा क्षार व्हिनेगरने निघतो. मात्र आधी सांधे साध्या पाण्याने ओले करा आणि पाच मिनिटांत धुऊन टाका. मोझॅकवर व्हिनेगर चालत नाही. तिथे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कार्बोरंडमचा दगड घ्यावा आणि पाणी टाकत हलक्या हाताने घासावे. गॅस सिलिंडरच्या कड्याचा गंजाचा डाग फिका होतो, पण पूर्ण जात नाही. यापुढे सिलिंडरखाली ट्रॉली ठेवावी.

पावसाळ्यानंतर फरशीवर पांढरी पूड आली असेल तर ती आधी कोरड्या झाडूने काढा. पाणी टाकले की तोच क्षार विरघळून पुन्हा आत जातो. पूड वारंवार येत असेल तर ओल कुठून येते ते आधी शोधावे.

न्हाणीघरातल्या सांध्यांवरचा काळेपणा म्हणजे बुरशी. सोडा आणि पाण्याचा लेप लावून जुन्या टूथब्रशने घासा. एवढ्याने गेली नाही तरच दुसऱ्या दिवशी, सगळे धुऊन झाल्यावर, अर्ध्या बादली पाण्यात चमचाभर ब्लिचिंग पावडर कालवून लावा. दार-खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा.

सांधे भरणे

आधी चमच्याच्या दांड्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर टाइल सुटलेली आहे. ती अलगद उचलून खालचा मसाला साफ करा आणि सिमेंटच्या ओल्या लेपावर पुन्हा बसवा. सुटलेल्या टाइलचे सांधे भरून काही उपयोग नाही, महिनाभरात पुन्हा तडकतात.

मग आरीच्या जुन्या पात्याने सांध्यातला सैल आणि काळा माल दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडा. हे काम पाणी शिंपडतच करायचे. सिमेंट-रेतीची कोरडी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो, हे बांधकामावरच्या आपल्या भावांना सांगायला नको. नाकाला मास्क बांधा.

पांढऱ्या सिमेंटमध्ये फरशीला जुळेल असा थोडा रंग कोरडाच मिसळा, नंतर पाणी घालून टूथपेस्टइतके घट्ट कालवा. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवावे. सांधे ओले करा, रबराच्या तुकड्याने सिमेंट तिरपे ओढत दाबून भरा. पंधरा-वीस मिनिटांनी ओलसर फडक्याने वरचे सिमेंट पुसून घ्या. फडके सांध्याच्या दिशेने फिरवले तर भरलेले सिमेंट बाहेर येते, म्हणून तेही तिरपेच फिरवावे. न्हाणीघरात साध्या पांढऱ्या सिमेंटऐवजी पाकिटात मिळणारे टाइल ग्राउट घ्या, ते पाणी कमी शोषते. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिलिकॉन भरावे. तिथे थोडी हालचाल होतच असते आणि सिमेंट तडकते.

खरी चूक होते ती यानंतर. सिमेंट वाळून कडक होते असा समज आहे, पण ते पाण्याशी संयोग होऊन कडक होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सांधा घट्ट होण्याआधीच त्यातले पाणी उडते आणि सिमेंटची पूड होते. म्हणून हे काम दिवाळीनंतर करा. उन्हाळ्यातच करावे लागले तर संध्याकाळी करा आणि पंखा-कूलर बंद ठेवा. पुढचे तीन दिवस ओले गोणपाट पसरून ठेवा.

मोझॅक फारच झिजला असेल तर मशिनची घिसाई करून घ्या. साधारणपणे ६०, १२० आणि ३२० नंबरचे दगड क्रमाने लावतात. घिसाई पाणी टाकूनच करायला सांगा आणि तिचा राडा नालीत सोडू नका, तो बसून घट्ट होतो. जिथे टाइल्सचे तुकडेच पडले आहेत किंवा जमीन खचली आहे, तिथे मात्र ही डागडुजी पुरणार नाही. तिथे फोडणेच बरे.

दुसऱ्याच्या घरातली फरशी

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या अनेक भगिनी दुसऱ्यांच्या घरी, दवाखान्यांत आणि कार्यालयांत फरशा आणि संडास धुतात. त्यांच्या हाती अ‍ॅसिडची बाटली दिली जाते, हातमोजे दिले जात नाहीत. आमच्या पत्नीला एका दिवसात जे भोगावे लागले, ते त्या थोडे थोडे रोज भोगतात. रात्री हाताची जळजळ होते, खोकला सुटत नाही, आणि आपण त्याला थकवा म्हणतो. हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी मागण्यात लाज कसली? जी बहीण मालकिणीला सांगेल की अ‍ॅसिडने तुमचीच फरशी खराब होते, तिचे म्हणणे मालकीण ऐकण्याची शक्यता जास्त आहे. ही माहिती वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत एकदा वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

आमच्या घरचे काम नोव्हेंबरात चार रविवारांत झाले. खरवडायला आम्ही, सिमेंट कालवायला पुतण्या, पुसायला सगळेच. पत्नीने मात्र देखरेख करायची असे ठरले होते आणि ती तिने कडक केली. मळाखालून हिरवट मोझॅक निघाला, त्यात पांढरे आणि काळे खडे. आमच्या लहानपणी आम्ही हेच खडे मोजत झोपी जायचो. दोन टाइल्सचे कोपरे उडालेले आहेत, ते तसेच दिसतात. लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांपैकी एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "फरशी नवी बसवली का?" पुतण्याने उत्तर दिले, "नाही, आजोबांनी बसवलेली आहे."