बायोप्सीला जाण्यापूर्वी

अ‍ॅस्पिरिन, वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. स्तनाची कोअर बायोप्सी तेवढीच जागा बधिर करून होते, त्यामुळे सहसा उपाशी राहावं लागत नाही. पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुडता सोयीचा. काखेत पावडर, डिओ नको.

सुई सुटताना स्टेपलरसारखा ‘खट्’ आवाज येतो. दुखण्यापेक्षा दचकायलाच जास्त होतं. तो आधी ऐकवायला सांगा, संकोच कसला? नंतर बर्फाचा शेक, एक-दोन दिवस भरल्या बादल्या उचलणं बंद. थोडं काळंनिळं पडतंच. रक्त थांबेना किंवा ताप आला, तर लगेच फोन करा.

‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती निराधार आहे. तिच्यापायी तपासणी लांबवू नका.