नऊ रोपांपासून झालेले वाण

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील उष्ण, कोरड्या खोऱ्यांत पाटाच्या पाण्यावर लसूणघासाची विस्तीर्ण शेते आहेत. नावात लसूण असली तरी हे पीक हरभऱ्याच्या कुळातील होय. गुरांच्या वैरणीसाठी ते वर्षातून अनेक वेळा कापले जाते. काही शेते केवळ बियाण्याकरिता राखलेली असतात.

१९५४ साली न्यू मेक्सिकोत या पिकावर एक अपरिचित मावा आढळला. फिकट पिवळसर अंग, पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा आणि लांबी जेमतेम दोन मिलिमीटर! परंतु त्याची मादी नराविना पिले प्रसवते व ती पिलेही थोड्याच दिवसांत प्रसवू लागतात. हा कीटक रस शोषताना आपली विषारी लाळ पानात सोडतो. त्यामुळे कोवळी रोपे तर मरूनच जातात. वाचलेल्या पिकावर चिकटा साचून त्यावर काळी बुरशी चढते व अशी वैरण बांधणेही कठीण होते.

कीटकनाशके फवारण्यात आली. पण लसूणघासाचे फूल मधमाशीने उघडल्यावाचून सहसा फलित होत नाही. फवाऱ्याने मधमाश्या मेल्या तर पीक वाचूनही बी धरणार नाही, ही बियाणे पिकविणाऱ्यांची खरी अडचण होती.

नेवाडा राज्याच्या कृषिसंशोधन केंद्राने अमेरिकेच्या कृषिखात्याच्या सहकार्याने सूत्रकृमींना दाद न देणारे 'लाहोंटन' नावाचे वाण १९५४ सालीच प्रसृत केले होते. ते या माव्यालाही पुरून उरते, असे अनपेक्षितपणे दिसून आले. मात्र हिवाळ्यात त्याची वाढ मंदावते. बारमाही वैरण हवी असलेल्या उष्ण खोऱ्यांना ते पुरेसे नव्हते. तेथे पेरले जाणारे 'आफ्रिकन' वाण हिवाळ्यातही वाढे, परंतु माव्यापुढे टिकेना.

तथापि लसूणघासात परपरागीकरण होत असल्याने एकाच शेतातील दोन झाडे सहसा गुणांनी तंतोतंत सारखी नसतात. 'आफ्रिकन'च्या हजारो झाडांत माव्यापुढे टिकणारी एखाददुसरी असतेच. अशा झाडांची छाटकलमे करून त्यांवर मुद्दाम मावा सोडण्यात आला. जेथे तो नीट पोसला गेला नाही, ती झाडे राखली. अखेर निवडलेल्या नऊ झाडांच्या परस्पर परागीकरणातून मिळालेले बी १९५७ साली 'मोआपा' या नावाने शेतकऱ्यांना देण्यात आले.

या वाणातील प्रत्येक झाड माव्याला तोंड देतेच असे नाही. दुर्बळ रोपे कोवळेपणीच मरतात व उरलेली शेत व्यापतात. पुढे मोआपाच्या काही मूळ झाडांवरही पोसले जाणारे माव्याचे प्रकार सापडले. तेव्हा त्याच वाणातून पुन्हा निवड करण्यात आली आणि 'मोआपा ६९' हे वाण तयार झाले.